निर्णयाचा पत्ता

वरणात मीठ आहे की नाही हे ज्या दिवशी मला सांगता आलं नाही, त्या दिवशी मी आधी गॅसला दोष दिला, मग डाळीला, आणि शेवटी निनादला. माझं तसंच आहे. डोकं लवकर तापतं, आणि तापलं की समोर जो सापडेल त्याच्यावर निघतं. निनाद माझा नवरा, त्यामुळे बहुतेक वेळा तोच सापडतो.

झालं होतं असं. वरण उकळत होतं, मी पळीतून एक थेंब तळहातावर घेतला, चाटला, आणि ‘बस’ म्हणून गॅस बंद केला. चव बघायची ही आमच्या घरची रीत. माझं माहेर यावल तालुक्यातलं, आणि आमच्याकडे चमच्याने चव बघणाऱ्या बाईला स्वयंपाक येत नाही असंच धरतात. थेंब तळहातावर घ्यायचा, तळहात जिभेला लावायचा, आणि मग एकच शब्द, ‘बस’ नाहीतर ‘अजून’. आई तिच्या आईकडून शिकली, मी आईकडून शिकले.

पहिल्याच घासाला निनादने माझ्याकडे पाहिलं. वरणात मीठ नव्हतंच. कमी होतं असं नाही, अजिबात नव्हतं. आता घालायला विसरतं माणूस, त्यात काही नाही. पण मी चव घेतली होती आणि चव घेऊन ‘बस’ म्हटलं होतं. अहो, माझं पोट या जिभेवर चालतं. मी, केतकी भंगाळे, टेरिंडा फूड्सची मुख्य चवतज्ज्ञ. सातपूरच्या कारखान्यातून जे मसाले, सूप आणि वेफर्स देशोदेशी जातात, त्यातल्या प्रत्येकाला शेवटचा ‘बस’ मी म्हणते. त्या ‘बस’वर कंपनीचा धंदा उभा आहे, हे मी नाही, कंपनीच्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी सांगितलेलं आहे.

मी चिडून पातेलं ओट्यावर आदळलं आणि तेवढ्यात मला आठवलं, की त्या आठवड्यात कारखान्यात बिनमिठाच्या सूपचं काम चाललं होतं. कुठल्याशा थंड देशातल्या रक्तदाबवाल्यांसाठी. त्या सूपला हा ‘बस’ बरोबर होता. माझ्या वरणाला तो कुणी दिला, हा प्रश्न मला पडला.

आता यात कर कुठून आला ते सांगते, कारण सगळं दुखणं तिथूनच सुरू झालं.

मोठ्या कंपन्यांचं पूर्वी एक ठरलेलं तंत्र होतं. मसाला नाशिकला बनायचा, विकला जायचा जगभर, पण त्या मसाल्याची कृती मात्र एका बेटावरच्या कंपनीच्या मालकीची. बेटावरची कंपनी म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि दारावर पाटी. नाशिकच्या कंपनीने कृती वापरल्याचं भाडं त्या पाटीला द्यायचं, आणि इतकं द्यायचं की इथे नफा उरायचाच नाही. बेटावर कर जवळजवळ नसायचाच. दोन्ही कंपन्यांचा मालक एकच, म्हणजे या खिशातलं काढून त्या खिशात. मधल्या मधे इथल्या सरकारच्या तोंडाला पानं पुसली जायची. सरकार विचारायचं, ही कृती खरोखर केली कुणी, ती बरी की वाईट हे ठरवलं कुणी? कंपन्या बेटावरच्या सभेचा ठराव पुढे करायच्या. ठरावात काय, काहीही लिहिता येतं.

मग मेंदूवाल्यांनी एक गोष्ट करून दाखवली. माणूस काही ठरवतो तेव्हा ‘मी ठरवलं’ हे त्याचं त्याला कळायच्या किंचित आधी, कपाळामागे, डोळ्यांच्या वरच्या बाजूला एक लाट उठते. आमटीत मीठ बरोबर आहे का, साडी घ्यायची का, नोकरी सोडायची का, सगळ्यांचा तोल मेंदू त्याच एका जागी करतो. ती लाट टिपणारी टिकलीएवढी चकती कानामागे कातडीखाली बसवता येऊ लागली. लाट कधी उठली आणि कुठे उठली, दोन्ही नेमकं कळायचं. झालं. देशांनी एकत्र बसून करार केला, की ज्या देशात निर्णयाची लाट पहिल्यांदा उठेल, नफ्यावरचा कर त्या देशाचा. मोठे निर्णय घेणाऱ्या प्रत्येकाच्या कानामागे चकती बसली, माझ्याही, आणि पाट्या आणि ठराव एका फटक्यात निकालात निघाले. लोक त्याला उगम-करार म्हणायला लागले.

वर्षभर कंपन्यांच्या नाकी नऊ आले. मग त्यांनी उपाय काढला. लाट बेटावर पहिल्यांदा उठली की काम फत्ते, नाही का? मग त्यांनी माझ्या हजारो निवाड्यांवरून बेटावरच्या यंत्रात माझी एक प्रत तयार केली. मी चव घेतली की चकती ती चव बेटावर पाठवते. प्रत माझ्या आधी निवाडा करते, आणि तो निवाडा परत माझ्या डोक्यात येऊन बसतो. मधल्या क्षणात माझी स्वतःची लाट उठून घोळ होऊ नये म्हणून चकती तिला दाबून धरते. मला वाटतं, मीच ‘बस’ म्हटलं. करखात्याला दिसतं, ‘बस’ बेटावर म्हटलं गेलं. करार लिहिणाऱ्यांना यंत्रातही लाट उठेल हे सुचलंच नव्हतं.

ही कल्पना कुणाची, तर आमच्याच घरात जेवणाऱ्या माणसाची. निनाद टेरिंडाच्या आंतरराष्ट्रीय कर विभागाचा प्रमुख आहे. माणूस वाईट नाही हो. हुशार आहे, आणि हुशारी चालवायला मिळाली की बाकीचं त्याला दिसत नाही. मला म्हणाला होता, कागदावरचा बदल आहे, तुला कळणारसुद्धा नाही. माझा पगार वाढला, आम्ही गंगापूर रोडला मोठं घर घेतलं, आणि मला खरंच काही कळलं नाही. त्या वरणापर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या तंत्रज्ञाला पकडलं. तो बिचारा आधी आढेवेढे घेत होता, मग त्याने सांगितलं. प्रतीला कामाची चव आणि घरची चव यातला फरक कळावा म्हणून त्यांनी तिला एक खूण शिकवली होती. कारखान्यात चव घेण्याआधी मेंदूत जे घडतं, ते दिसलं की जागी हो. बाकीचे चवतज्ज्ञ कारखान्यात कागदाच्या पट्टीने चव घेतात आणि घरी चमच्याने. मी एकटी दोन्हीकडे तळहाताने घेते. म्हणजे घरी मी तळहातावर थेंब टाकला रे टाकला की बेटावरची ती बया जागी व्हायची आणि कामाला लागायची. तंत्रज्ञ म्हणाला की मॅडम, घरी तेवढं चमच्याने घ्या. मी त्याला म्हटलं, तू तुझ्या आईला सांगून बघ, भाकरी काट्याने खा म्हणून.

तरी मी प्रयत्न केला, पण उशीर झाला होता. तळहाताशिवायसुद्धा जागं व्हायला ती शिकली होती. जागा एकच ना, आमटीची आणि आयुष्याची. मी नेहमीच्या दुकानात जांभळी पैठणी हातात घेतली आणि डोक्यात आलं, ‘असू दे’. मैत्रिणींनी कोकणात चल म्हणून आग्रह केला, ‘असू दे’. आधी मला वाटलं वय होतंय. पण वयाने येणारा कंटाळा आपला असतो, तो आतून येतो. हे बाहेरून येऊन बसायचं. एखादा पाहुणा न विचारता सोफ्यावर बसावा आणि आपण त्याला पाणी द्यावं, तसं मी त्याला माझं म्हणून घ्यायची.

आणि मग खरी गोची लक्षात आली. चकती काढणं अवघड नाही. कॉलेज रोडला डॉ. तांबटांकडे छोटीशी चीर देऊन ती काढतात. कायदा एवढाच, की जिच्या कानामागे आहे तिने स्वतः तोंडाने ‘काढा’ म्हणायचं. मी गेले. डॉक्टरांनी विचारलं आणि मी छान हसून म्हणाले, असू दे. रस्त्यावर आल्यावर रडू फुटलं. आठ दिवसांनी पुन्हा गेले, पुन्हा तेच. एकदा चकतीला बेट सापडू नये म्हणून पांडवलेण्यांतल्या आतल्या गुहेत जाऊन बसले आणि तिथून डॉक्टरांना चिठ्ठी लिहायला घेतली. चकतीकडे प्रतीच्या निवाड्यांची आठवडाभराची शिदोरी असते म्हणे, बेट सापडलं नाही तरी तिचं भागतं. चिठ्ठीत मी लिहिलं, तब्येत बरी आहे. हसू नका. तुमच्या तोंडचा ‘हो’ आणि ‘नाही’ कुणी काढून घेतला तर तुम्ही काय कराल ते सांगा.

निनादला मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला की तुला नको असेल तर काढून टाक, कंपनी अडवणार नाही. हेच तर! कुणीही अडवत नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण ‘मग तू मला धरून घेऊन चल’ हे वाक्य काही तोंडातून बाहेर पडलं नाही.

थंडीत आई आली. येताना बामणोदची वांगी, कांद्याची पात आणि भरीत ठेचायची लाकडी बडजी घेऊन आली, कारण नाशिकच्या मिक्सरवर तिचा विश्वास नाही. गॅसवर वांगी भाजली, बडजीत ठेचली, मिरची-शेंगदाणे घातले, आणि नेहमीप्रमाणे चिमूटभर भरीत माझ्या तळहातावर ठेवलं. लहानपणापासून तिच्या भरताला शेवटचा ‘बस’ मी म्हणायची. गावात लग्न असलं तरी ती मला शोधत यायची.

मी चाटलं. आणि थांबले. बेटाकडून यायला त्या दिवशी जरा वेळ लागला असावा. मी तळहात तोंडाशी धरून उभी होते, नजर खिडकीबाहेर. मग ‘बस’ आला आणि मी ‘बस’ म्हणाले. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने बडजी खाली ठेवली.

“तू कोणाले विचारू राहिली गं?” ती म्हणाली.

मी म्हटलं, कुणाला नाही, चव घेत होते. ती म्हणाली, नाही, चव घेताना तू कुणाची तरी वाट पाहत होतीस. तिने परत विचारलं नाही. पुऱ्या तळल्या, आम्हाला वाढलं, स्वतः जेमतेम खाल्लं. निनादला ती काही बोलली नाही, पण त्याला चौथी पुरीही वाढली नाही. आमच्या आईचा राग असाच असतो.

आई घरातच होती, त्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी मी शेवभाजीचा रस्सा करत होते. थेंब तळहातावर टाकला, चाटला, आणि ‘बस’ आला. पण त्या दिवशी त्या ‘बस’च्या पाठोपाठ अजून काहीतरी आलं. बस झालं आता. उद्या करखात्यात जायचं आणि सगळं सांगायचं. इतकं स्वच्छ, इतकं ठाम, की मी पळी हातात घेऊन उभीच राहिले. कित्येक महिन्यांत मला इतकं नक्की काही वाटलं नव्हतं. मला वाटलं, दाबून दाबून किती दाबणार, शेवटी माझी लाट उठलीच. आनंदाने मी आईला मिठी मारली. तिला कळेना काय झालं ते, पण तिने पाठीवरून हात फिरवला.

आयकर खात्यात वैजयंती कुडाळकर नावाच्या अधिकारी होत्या. पांढरे केस, आवाज बारीक, आणि बाईंना कसलीच घाई नाही. टेरिंडाच्या मागे त्या तीन वर्षं होत्या. माझं सगळं ऐकून त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं की खात्याच्या दृष्टीने प्रश्न सोपा आहे. टेरिंडाचं म्हणणं, या बाई काही ठरवत नाहीत. खात्याचं म्हणणं, ठरवतात. खात्याचं म्हणणं खरं निघालं तर कर इथे भरावा लागेल, बेटावरची प्रत निरुपयोगी होईल, आणि कंपनी ती स्वतःच बंद करेल, कारण कामाची नसलेली वस्तू कुणी पोसत नाही.

विचार करा, साऱ्या जगात मला स्वतःचं डोकं आहे हे सिद्ध करायची धडपड फक्त आयकर खातं करत होतं. मी त्यांना विचारलं, पण लाट तर तिकडे उठते, तुम्ही दाखवणार कसं? त्या म्हणाल्या, करारात एक तरतूद आहे. शंका आली तर खात्याला चकती तासाभरासाठी झोपवता येते. त्याचं यंत्र फक्त सरकारकडे असतं, आणि तेवढा वेळ लाटही तेच टिपतं. चकती झोपली की प्रत तिकडे आणि तुम्ही इकडे. मग तुम्हाला एक चव दिली जाईल. तुमची स्वतःची लाट उठली, तर ठरवणारी शक्ती इथे आहे आणि कंपनी ती मुद्दाम दाबते आहे हे सिद्ध होईल.

“आणि नाही उठली तर?” मी विचारलं.

“तर कंपनीचं म्हणणं खरं ठरेल,” त्या म्हणाल्या. “मग मी काही करू शकणार नाही.”

घरी आल्यावर मी निनादला सरळ सांगितलं, तुझ्या कंपनीविरुद्ध साक्ष देणार आहे. मला वाटलं आता घर डोक्यावर घेईल. नोकरी त्याची, योजना त्याची, वर्षानुवर्षांचं नाव त्याचं. त्याने फक्त मान हलवली आणि विचारलं की तारीख कोणती. मला ते लागलं. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

सुनावणीच्या दिवशी आई बाहेर बाकावर बसली होती, पदरात डबा घेऊन. आत एक साधी खोली, एक खुर्ची, समोर दोन वाट्या. कंपनीचा वकील कोपऱ्यात फोन चाळत बसला होता. कुडाळकरबाईंनी यंत्र माझ्या कानाजवळ धरलं. कानामागे एक बारीक गुणगुण असते, इतके दिवस मला तिची जाणीवच नव्हती. ती थांबली तेव्हा कळलं.

दोन्ही वाट्यांत रस्सा होता. कुठला बरा, एवढंच सांगायचं. मी पहिल्या वाटीतला थेंब तळहातावर घेतला, चाटला, आणि काहीच झालं नाही. आंबट, तिखट, खोबरं, सगळं कळत होतं, पण चांगलं की वाईट हे कळत नव्हतं. दुसऱ्या वाटीतला घेतला. तेच. मी थांबले, वाट बघितली, आणि लक्षात आलं की मी परत वाटच बघते आहे. इथे कुणी येणार नव्हतं. वकिलाने पहिल्यांदा फोनमधून डोकं वर काढलं.

मी पुन्हा डावी वाटी घेतली. पाय बधिर होऊन मग मुंग्या येतात ना, तसं कपाळात काहीतरी झालं, दुखल्यासारखं. आणि मग आमच्या घराची मागची पडवी आठवली, आईचा हात आठवला, आणि मला राग आला. रश्शाचा राग आला. इतकं खोबरं कुणी भाजतं का? करपलं होतं ते.

“उजवी बरी,” मी म्हणाले. “मीठ अजून पाहिजे. डावीतलं खोबरं करपलंय.”

कुडाळकरबाईंनी पडद्याकडे बघितलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. नाशिकवर एक हिरवा ठिपका होता. बेटावर काही नव्हतं. मी ढसाढसा रडले, त्या परक्या खोलीत, वकिलासमोर. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी निनादलाही सांगितलेलं आहे.

त्या खोलीत बसल्या बसल्याच मी म्हणायला हवं होतं, ही चकती काढा. तेव्हा तो शब्द माझा होता. पण मला वाटलं सगळं झालं, आता घाई काय. तास संपला, यंत्र बंद झालं, कानामागची गुणगुण सुरू झाली. बाहेर आईने डबा उघडला आणि आम्ही दोघींनी तिथेच बाकावर दशम्या खाल्ल्या.

निकाल खात्याच्या बाजूने लागला. मी कंपनीच्या अपिलाची वाट बघत होते. कंपनीने अपील केलंच नाही. उलट सातपूरला पेढे वाटले. माझ्या टेबलावरही दोन ठेवले होते. मला काही समजेना. हरल्याचे पेढे कोण वाटतं?

संध्याकाळी मी निनादला समोर बसवलं. आईही होती. मी म्हटलं, आता नीट सांग.

त्याने सांगितलं. निर्णय घेणारी माणसं देशात राहावीत म्हणून सरकारने नवी सवलत आणली होती. ज्या कंपनीच्या निर्णयाचा उगम इथे आहे असा खात्याचा लेखी निकाल असेल, तिला इथे दहा वर्षं नाममात्र कर. त्याच सुमारास बेटाने कर वाढवला होता. म्हणजे निर्णय आता नाशिकला झालेला कंपनीला हवा होता. पण कंपनी स्वतःहून तसं म्हणाली असती तर जुन्या वर्षांचं खोटं उघड झालं असतं. खात्याने सिद्ध केलं, कोर्टकचेरी न करता, तर मागचं सगळं तडजोडीत मिटत होतं. त्यासाठी कुणीतरी आतलं माणूस खात्याकडे जायला हवं होतं. कुणीतरी चिडलेलं.

मी विचारलं, मग मला कुणी पाठवलं?

“आम्ही कुणी काही ठरवलं नाही, केतकी,” तो म्हणाला. “कुठल्या देशात किती कर, हे प्रतीला रोज कळवावंच लागतं. निर्णय कुठे झालेला बरा, हे तिचं तीच बघते. नवे दर तिला कळवले, एवढंच.”

खरंच बोलत होता तो. त्याचा चेहरा मला कळतो. कंपनीत कुणीच काही ठरवलं नव्हतं. अध्यक्षांनी नाही, निनादने नाही. आणि मला ती संध्याकाळ आठवली, शेवभाजीचा रस्सा, तळहातावरचा थेंब, आणि त्या ‘बस’च्या पाठोपाठ आलेलं ते स्वच्छ, ठाम वाक्य. आधी थेंब, मग ‘बस’, मग ते. गुणगुण त्या संध्याकाळीही चालूच असणार. ज्या एका निर्णयाचा मला आयुष्यात सगळ्यात जास्त अभिमान वाटला, तो त्या पाटीच्या जागी ठेवलेल्या यंत्रात झाला होता, कर वाचवायला.

मी निनादच्या अंगावर धावून जाईन असं आईला वाटलं असावं, ती मधे येऊन उभी राहिली. पण मला राग येत नव्हता. त्याचीच मला भीती वाटली. माझा राग कुठे गेला, हे मी कुणाला विचारू?

चकतीचं आता काय, असं मी विचारलं तेव्हा निनाद म्हणाला की प्रत बंद करायचं कुणी ठरवलेलं नाही, आणि चकतीशी कंपनीला काही देणंघेणं नाही. ठेव किंवा काढ, तुझी मर्जी. मी कुडाळकरबाईंकडे गेले, हात जोडले, फक्त एकदा ते यंत्र लावा, मला एक शब्द बोलायचा आहे. त्यांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण प्रकरण बंद झालं होतं आणि खाजगी कामासाठी यंत्र देता येत नव्हतं. त्या मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. इतकी मोठी अधिकारी बाई फाटकापर्यंत कशाला येईल?

मग मी एक युक्ती केली. मनाशी पक्कं केलं, की डॉक्टरांनी विचारल्यावर डोक्यात जे पहिलं येईल ते माझं नाही असं समजायचं, आणि त्याच्या बरोबर उलट बोलायचं. ‘असू दे’ येणार हे ठरलेलं. मी म्हणणार ‘काढा’. आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, चालेल, मी शेजारीच बसते.

डॉ. तांबटांकडे सकाळची वेळ होती. खिडकीतून ऊन येत होतं. त्यांनी कानामागची जागा पुसली, कागद समोर ठेवला, आणि नियमाप्रमाणे विचारलं की केतकीताई, चकती काढायची आहे का?

मी तयार होते. दात घट्ट आवळून ‘असू दे’ची वाट बघत होते.

डोक्यात आलं, ‘काढा’.

स्वच्छ. ठाम. त्या संध्याकाळसारखं.

मी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. हा शब्द माझा असेल, त्या खोलीत जागी झालेली माझी लाट परत उठली असेल, तर उलट बोलून मी तिचा गळा स्वतःच्या हाताने दाबणार होते. आणि हा बेटावरून आला असेल, आता माझं काम संपलं म्हणून, किंवा अजून कुठे कर कमी झाला म्हणून, किंवा मला कधीच कळणार नाही अशा कशासाठी तरी, तर ‘काढा’ म्हणून मी पुन्हा तेच करणार होते जे तिला हवं होतं. दोन्हीत फरक कसा ओळखायचा? मी आत शोधलं. वरणात शोधावं मीठ, तसं शोधलं. चव लागत होती, निवाडा होत नव्हता.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. जरा थांबून तिसऱ्यांदा विचारलं. माझी नजर खिडकीबाहेर गेली होती, हे मला आईने माझा हात धरला तेव्हा कळलं. तिने माझी मूठ सोडवली, तळहात वर केला आणि आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“आता कोणाले विचारू राहिली, बाई?” तिने हळूच विचारलं.

मी तिच्याकडे वळले. खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

“माहीत नाही गं, आई,” मी म्हणाले.

डॉक्टरांनी हातातली सुरी ट्रेमध्ये ठेवली आणि बाहेरच्या पेशंटला आत यायला सांगितलं.